ऑर्व्हलचं मोठं इंजिन

सगळं सुरू झालं ते अर्डिसच्या एका वाक्यापासून, आणि ते वाक्यसुद्धा तिने सुनेचं मन राखायला म्हटलं होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी मुलगा आणि सून मिनिआपोलिसहून आले होते. जेवणं उरकून सगळे बोटीवर जाऊन बसले. स्कोग्लुंडांची पाँटून म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या, त्यांवर फळ्यांचा ओटा, ओट्यावर गुबगुबीत बाकं आणि वर कापडाचं छत. पाण्यावर सोडून दिलेली ओसरीच म्हणा ना. मागे पंचवीस घोड्यांच्या ताकदीचं म्हातारं इंजिन टांगलेलं. ते घशातल्या घशात गुणगुणल्यासारखं चालायचं, आणि बदकं न घाबरता बाजूने पोहत राहायची.

"त्या टोकाला काय आहे?" सून केंड्राने विचारलं.

तलावाचं नाव स्पून लेक, कारण त्याचा आकार चमच्याचा. स्कोग्लुंडांचं घर चमच्याच्या वाटीवर होतं, आणि केंड्रा बोट दाखवत होती ते लांबच लांब दांड्याकडे.

"पांढरी कमळं आहेत म्हणतात," अर्डिस म्हणाली. "आम्ही आपले बेटाला वळसा घालून परत येतो. दांड्याच्या टोकाला पोचेस्तोवर अंधार पडतो."

"बोट जरा हळू आहे, नाही?"

"हो, आहे खरी जरा हळू."

झालं. सुकाणूच्या चाकामागे बसलेल्या तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हलने, टोपी पुढे ओढली. अर्डिसने तेव्हाच ओळखायला हवं होतं. मिनेसोटाच्या उत्तरेला 'जरा' हा शब्द जपून वापरावा लागतो. घराला आग लागली तर माणसं 'जरा उकडतंय' म्हणतात. वाईटातलं वाईट काही समोर आलं की 'वेगळं आहे' म्हणतात, त्यापुढे शिवी नाही. एका शेजारणीने बैठकीची खोली जांभळी रंगवली होती. अर्डिस दारात उभी राहून 'वेगळी आहे गं' एवढंच म्हणाली, तर आठवड्याच्या आत ती खोली पुन्हा पांढरी झाली आणि शेजारीण महिनाभर रुसली. आणि स्तुती करायची तर 'वाईट नाही.' कोणी स्वर्ग पाहून परत आला तर तोही एवढंच म्हणेल.

तेव्हा ऑर्व्हलच्या कानात शिरलं ते असं, की बायको या बोटीला विटली आहे, आणि कधीपासून विटली आहे कोण जाणे.

खरी गोष्ट अगदी उलटी होती. ती हळू बोट हीच अर्डिसची सगळ्यात मोठी मिळकत होती. ऑर्व्हल जमिनीवर बोलत नसे. जमिनीवर तो 'हं' म्हणे, 'बरं' म्हणे, आणि फारच भरून आलं तर 'असू दे.' पण बोट बेटाकडे वळली, इंजिन गुणगुणायला लागलं आणि बायकोच्या तोंडाकडे न बघता पाण्याकडे बघायची सोय झाली, की त्याच्यातून एकेक शब्द निघायला लागे. भावाशी झालेलं भांडण त्याने तिथे सांगितलं. धाकट्या मुलीच्या लग्नात आपण गाडीत बसून रडलो, हे तिथेच, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. आणि गेल्या उन्हाळ्यात, बेटाच्या पलीकडच्या अंगाला, "हृदयाच्या झडपेत काहीतरी आहे म्हणतात. गोळ्या दिल्यात."

यंदाच्या मेमध्ये पुन्हा तपासणी झाली होती. तो एकटाच गेला, आणि येताना टोमॅटोची रोपं घेऊन आला. रोपांबद्दल बोलला. डॉक्टरांबद्दल नाही. आता 'काय म्हणाले डॉक्टर?' असं नवऱ्याला तोंडावर विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं. अर्डिस त्या घडणीची नव्हती. तिने मनाशी ठरवलं, पाहुणे गेले की बोटीवर जाऊ. बेट आलं की सांगेल.

पाहुणे सोमवारी गेले. संध्याकाळी उरलेल्या रूबार्बच्या आंबटगोड वड्या ताटलीत घालून ती शेजारच्या लोवेलकडे द्यायला निघाली, तर ऑर्व्हल टोपी घालून बरोबर आला. हेच मुळात नवल होतं.

लोवेल गेल्या वर्षापासून एकटा होता. त्याची बायको मार्लिस गेली, आणि त्याच हिवाळ्यात बर्फाने त्याची बोटही चेपून टाकली. बोट भंगारात गेली, पण तिचं नव्वद घोड्यांचं इंजिन त्याने शेडमध्ये लाकडी घोडीवर ठेवलं होतं, गोधडी पांघरून. ऑर्व्हल त्या गोधडीपाशी जाऊन उभा राहिला.

"चालतं का रे हे?"

"चालतं."

"बोट तर नाही तुझ्याकडे आता."

"नाही."

मग बराच वेळ दोघं इंजिनाकडे बघत राहिले. शेवटी लोवेलला म्हणावंच लागलं, "तुला हवं असेल तर ने."

"छे छे."

"अरे, पडूनच आहे."

"नको रे. उगाच कशाला."

इथवर सगळं रीतीनेच चाललं होतं. पहिला आग्रह हा आग्रह नसतो आणि पहिला नकार हा नकार नसतो. दुसऱ्याचंही तेच. खरं काय ते तिसऱ्यांदा कळतं. लोवेलने खाली बघितलं, पायाने एक खडा सरकवला आणि म्हणाला, "ने. कामाला तरी येईल."

"बरं तर," ऑर्व्हल म्हणाला. "एवढं म्हणतोयस तर."

अर्डिसने लोवेलचा चेहरा पाहिला. मिठाच्या डब्यात साखर समजून हात घातलेल्या माणसाचा असतो तसा तो झाला होता. आणि तिला आठवलं, की दर रविवारी चर्चहून आल्यावर लोवेलच्या शेडमधून इंजिनाचा आवाज येतो. पिंपात पाणी भरून तो ते चालवतो आणि शेजारी खुर्ची टाकून ऐकत बसतो. त्या बोटीवर चाकामागे नेहमी मार्लिस असायची.

पण लोवेलने तिसऱ्यांदा म्हटलं होतं. आता कोणी काही बोलणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्डिस स्वेटर खांद्यावर टाकून धक्क्यावर आली, तर बोट जागेवर नाही. बोट अंगणात, चाकांच्या गाड्यावर. जुनं इंजिन सफरचंदाच्या झाडाला टेकवलेलं, आजारी नातेवाइकासारखं.

"जरा काम काढलंय," ऑर्व्हल म्हणाला. "दोन-चार दिवसांचं."

काम निघालं ते असं. नव्या इंजिनाची भोकं बोटीच्या मागच्या, इंजिन टांगायच्या जुन्या पाटाला जुळेनात. म्हणून नवा पाट. तो जोडणारा वेल्डर गावात होता, पण मासेमारीचा मोसम उघडल्यामुळे दुकानाच्या दारावर फक्त माशाचं चित्र लावून गेला होता. तो आला तोवर कळलं, की इंजिन वळवणारी जुनी तार नव्वद घोड्यांपुढे टिकायची नाही. नवी तार आणली तर ती जुन्या चाकात बसेना. चाक बदललं तर वेगाची मूठ आडवी येई. मोठ्या इंजिनाला मोठी बॅटरी लागते, मोठी बॅटरी जुन्या पेटीत मावत नाही, आणि मोठं इंजिन पितं जास्त, म्हणून तेलाची टाकीही मोठी. अंगणात रोज एक जुनी गोष्ट बाहेर पडे आणि दोन नव्या आत जात. सुनेसाठी साडी घ्यायला जावं आणि घराचा रंग काढून बसावं, तशातली गत.

बोटीच्या कडेला एक पत्र्याची पट्टी होती. चाळीस घोड्यांच्या वर इंजिन लावू नये, असं तिच्यावर लिहिलेलं. ती लोवेलनेच दाखवली, मोठ्या आशेने.

"चाळीस म्हणतेय."

ऑर्व्हलने चष्मा कपाळावर चढवून पट्टी वाचली. "जुनी पट्टी आहे."

"तेव्हाचे घोडे मोठे असतील," लोवेल म्हणाला. त्याला म्हणायचं होतं नको. पण दिलेली वस्तू परत मागितल्यासारखं दिसू नये, म्हणून त्याने स्वतःच पळवाट काढून दिली.

अर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. सकाळी लोवेल यायचा, दुपारी ती दोघांना कॉफी नेऊन द्यायची, संध्याकाळी लोवेल गुडघ्यावर थाप मारून "चला, निघावं म्हणतो," म्हणायचा आणि पुढे फाटकाशी तासभर उभा राहायचा. दोघांपैकी कोणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. दोन माणसं इतक्या नाखुशीने इतकं मन लावून काम करताना तिने चर्चच्या भांडीघासणीतही पाहिली नव्हती. रात्री ऑर्व्हल गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ती अंधारात त्याचा श्वास ऐकत पडायची. एकदा धीर करून म्हणाली, "टोमॅटो वर आलेत."

"हं."

"तू आणलेस त्या दिवशी."

"हं," म्हणून त्याने पांघरूण वर ओढलं.

बोटीला जूनचा अख्खा महिना गेला. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची सजवलेल्या बोटींची मिरवणूक त्या वर्षी त्यांनी काठावरून पाहिली, हातात छोटे झेंडे धरून. सगळ्यांनी विचारलं, "बोट कुठे?" आणि ऑर्व्हल म्हणाला, "जरा काम काढलंय."

शेवटी एका संध्याकाळी बोट पाण्यात उतरली. उतरली आणि मागून बसली. बैलगाडी उलार व्हावी तशी. नळ्यांची पुढची तोंडं आभाळाकडे, आणि मागच्या फळ्यांवर तलाव चढून आलेला.

दोघं पुरुष कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अर्डिस धक्क्यावर होती. महिनाभर साठलं होतं, ते तोंडातून निसटलं.

"वेगळं आहे," ती म्हणाली.

लोवेल खोकला. आणि ऑर्व्हलच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं, की अर्डिसला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याला एवढा कठोर शब्द तिने लग्नानंतर कधी वापरला नव्हता.

"पुढे वजन टाकू," ऑर्व्हल हळूच म्हणाला. "बसेल बरोबर."

मग बॅटरी पुढच्या बाकाखाली गेली. टाकी पुढे गेली. तरी बोट ढुंगण टेकूनच. मग अर्डिसच्या फुलांच्या वाफ्याभोवतीच्या सपाट दगडी लाद्या एकेक करून पुढच्या बाकाखाली रचल्या गेल्या. ती काही बोलली नाही. आधीच फार बोलून बसली होती. लाद्या संपल्या तेव्हा बोट जवळजवळ सपाट झाली होती, आणि ऑर्व्हलने चाकामागे बसून अंदाज घेतला.

"आणखी दोन माणसं पुढे बसली की झालं."

म्हणजे पुढे ती आणि लोवेल, आणि मागे ऑर्व्हल. आजवर ती त्याच्या कोपराशी बसायची. आता दोघांच्या मध्ये सगळी ओसरी.

"कुठे जायचं?" तिने विचारलं.

"दांड्याच्या टोकाला," ऑर्व्हल म्हणाला. "उजेड आहे तोवर पोचू आता."

तिने वड्यांचं ताट मांडीवर घेतलं. ताट पत्र्याचं, मोठं, खाली चिकटपट्टीवर 'अर्डिस' असं लिहिलेलं, कारण चर्चच्या जेवणानंतर सगळ्याच बायकांची ताटं सारखी दिसतात. ऑर्व्हलने मूठ पुढे ढकलली.

नव्वद घोडे एकदम उधळले. अशा वेगाची त्या ओसरीला सवय नव्हती. छताचं कापड फडफडलं, बदकं दोन्ही बाजूंना पांगली, लोवेलने दोन्ही हातांनी टोपी धरली. बेट आलं आणि गेलं. ज्या बेटाला वळसा घालायला एक अख्खं बोलणं पुरायचं, ते दोन शिंकांच्या मध्ये मागे पडलं. अर्डिसने वळून पाहिलं. ऑर्व्हल चाकामागे ताठ बसला होता, ओठ हलत होते.

"काय?" ती ओरडली.

त्याने पुन्हा काहीतरी म्हटलं. ते वाऱ्याने नेलं.

हे असंच राहणार, तिच्या मनात आलं. याच्या पोटात जे आहे ते आता मला कधी ऐकू येणार नाही.

दांडा जिथे सुरू होतो तिथे पाणी अरुंद होतं. त्या अरुंद जागी, अगदी मधोमध, लून पक्ष्यांची जोडी होती. मादीच्या पाठीवर पिल्लू बसलेलं, पालखीत बसल्यासारखं. ऑर्व्हलने ते पाहिलं आणि कोणीही भल्या माणसाने केलं असतं तेच केलं. मूठ एकदम मागे ओढली.

बोट थांबली, पण बोटीने मागे उठवलेली लाट थांबली नव्हती. ती आली, तिने बोटीला मागून उचललं, आणि पुढे बॅटरी, टाकी, फुलांच्या वाफ्याच्या लाद्या, लोवेल आणि अर्डिस एवढं सगळं असलेलं बोटीचं नाक सरळ तलावात घुसलं. पाणी पुढच्या फाटकातून घाई न करता आत आलं. घोट्यांवरून गेलं, गुडघ्यांवरून गेलं, ताटातल्या वड्या ओळीने उचलून बाकाखालून फिरवल्या आणि परत जाताना बरोबर नेल्या. बॅटरी बुडाली. इंजिनाने एक उचकी दिली आणि ते गप्प झालं.

मग बोट वर आली, डुलली आणि स्थिर झाली. नळ्या शाबूत होत्या. लून तिथेच होते, जरा नाराज.

"भिजलीस?" मागून ऑर्व्हलने विचारलं. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"जरा," अर्डिस म्हणाली. ती कमरेपर्यंत निथळत होती.

"वड्या?" लोवेलने विचारलं.

"गेल्या."

लोवेल पाण्याकडे बघत राहिला. "वाईट नव्हत्या," तो म्हणाला.

ऑर्व्हलने किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. बोट हलकी व्हावी म्हणून त्यांनी लाद्या एकेक करून पाण्यात सोडल्या. तेवढ्यात एक मासेमाराची बोट जवळून आली. त्यातला माणूस थांबला.

"सगळं ठीक ना?"

"ठीक, ठीक," ऑर्व्हल म्हणाला.

"ओढून नेऊ का?"

"छे, उगाच कशाला."

तिघंही त्या मासेमाराकडे बघत राहिले. माणसाने मान हलवली, हात केला आणि गेला.

"दोनदाच विचारलं," लोवेल म्हणाला.

"शहरातला असेल," ऑर्व्हल म्हणाला.

बोटीत वल्हं होतं ते एकच. लोवेलने ते डाव्या अंगाने चालवायला घेतलं, तर बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखी. दुसरी फेरी झाली तेव्हा अर्डिस उठली. तिने रिकामं ताट दोन्ही हातांत घट्ट धरलं, उजव्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि पाणी मागे ओढायला लागली. तेव्हा कुठे बोट सरळ निघाली. जुन्या इंजिनाच्या कितीतरी पट हळू. बदकंसुद्धा पुढे निघून गेली.

थोड्या वेळाने ऑर्व्हल चाकामागून उठून तिच्याशेजारी येऊन बसला. चाक धरून आता काही उपयोग नव्हता. त्याने ताटाची एक बाजू धरली. समोर, अगदी सावकाश, बेट येत होतं.

"डॉक्टरकडे गेलो होतो मेमध्ये," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"हं," अर्डिस म्हणाली. ताट तिने थांबू दिलं नाही.

"नवीन डॉक्टरीणबाई आहे आता."

"हं."

"तिने हृदयाचं चित्र लावलं. शेजारी मागच्या वर्षीचं लावलं. बराच वेळ बघत होती." तो थांबला. बेटावरचा एक बर्च वृक्ष आला आणि मागे गेला. "मग म्हणाली, वेगळं आहे."

ताट थांबलं. मागे लोवेलचं वल्हंही थांबलं, आणि त्याने टोपी काढली.

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? आभार मानले."

"आणि?"

"टोपी घातली नि निघालो. बाहेर रोपं विकायला होती." त्याने ओला हात पँटला पुसला. "तू म्हणालीस बोट जरा हळू आहे. म्हटलं, एकदा तुला दांड्याचं टोक दाखवून आणावं. त्या गतीने या उन्हाळ्यात झालं नसतं."

अर्डिसने ऑर्व्हलचा हात धरला, आणि लोवेलच्या देखत धरला. इतके दिवस हा माणूस एवढा एक शब्द पोटात घेऊन बोल्ट आवळत होता, आणि धक्क्यावर उभं राहून तिने नेमका तोच शब्द त्याला फेकून मारला होता.

बेटाची कड सरायला आली तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं.

"कुठली रे ती?"

"कोण?"

"डॉक्टरीणबाई. इथली आहे?"

ऑर्व्हलने आठवलं. "नाही. टेक्ससची म्हणाली. उंच बूट घालते."

"माझी भाची असते टेक्ससला," मागून लोवेल म्हणाला. "तिकडची माणसं मनात असेल ते बोलतात म्हणे."

"सगळं?"

"सगळं. फोनवरसुद्धा."

तिघंही त्यावर विचार करत राहिले. बोट आपसूक जरा वळली.

"मग ते 'वेगळं' म्हणतात तेव्हा," अर्डिस सावकाश म्हणाली, "म्हणजे काय म्हणतात?"

"वेगळं?" लोवेल म्हणाला. "म्हणजे, नुसतंच वेगळं? असं कोण म्हणेल?"

"तू विचारलं नाहीस," अर्डिस नवऱ्याला म्हणाली.

"तसं कसं विचारायचं," ऑर्व्हल म्हणाला. पण त्याचे खांदे, जे मेपासून कानांना लागले होते, ते थोडे खाली आले.

"आणि मला बोट हळूच आवडते," अर्डिस म्हणाली. भिजली नसती तर तिने हे म्हटलंच नसतं. "ते केंड्राचं मन राखायला म्हटलं होतं."

"हं," ऑर्व्हल म्हणाला. मग, "असू दे." आणि मान वळवून, "लोवेल, ते इंजिन तू परत..."

"हो," लोवेल म्हणाला.

पहिल्यांदाच. वाक्य पुरं व्हायच्या आत. स्पून लेकवर असं कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि लोवेलला स्वतःलाही धक्का बसला असावा, कारण तो घाईघाईने वल्हवायला लागला आणि बोट पुन्हा गोल फिरली.

"मग तेव्हा दिलंस कशाला?" ऑर्व्हलने विचारलं.

"मला वाटलं तू तिसऱ्यांदा नाही म्हणशील."

"तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसलं नसतं."

"ते पण खरं," लोवेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्डिसने डॉक्टरीणबाईला फोन केला. अंघोळ करून, चर्चचा ब्लाऊज घालून केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही सरळ विचारायचं होतं. तिने विचारलं. 'वेगळं' म्हणजे चांगलं की वाईट?

पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाली, "अहो, चांगलं. गोळ्या लागू पडल्यात. झडपेवरचा ताण कमी झालाय, म्हणून चित्र वेगळं दिसतंय. मी पुढे सांगणारच होते, तर त्यांनी आभार मानले, टोपी घातली आणि गेले. मला वाटलं, घाईत आहेत."

अर्डिसने फोन ठेवला. अंगणात ऑर्व्हल जुन्या इंजिनाला सफरचंदाच्या झाडापासून सोडवत होता. ती पायरीवर येऊन उभी राहिली.

"काय म्हणाली?" त्याने इंजिनाकडे बघत विचारलं.

"वाईट नाही म्हणाली."

ऑर्व्हल तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, इंजिनही पुसलं, आणि रुमाल काळा झाला म्हणून पुन्हा डोळ्यांना लावला नाही.

जुलै सरता सरता जुनं इंजिन जागेवर आलं. मोठं लोवेलच्या शेडमध्ये गोधडीखाली गेलं, आणि रविवारी चर्चनंतर पिंपातला आवाज पुन्हा यायला लागला. कधीकधी ऑर्व्हल दुसरी खुर्ची घेऊन जाई. दोघं ऐकत बसत, बोलत काही नसत. बोट पाण्यात सपाट बसली. फक्त वाफ्याभोवतीच्या लाद्या तलावाच्या तळाशी राहिल्या आणि फुलं अंगणभर पसरली.

एका संध्याकाळी दोघं बेटाकडे निघाली. अर्डिस पुन्हा त्याच्या कोपराशी. डॉक्टरीणबाईने साखर कमी करायला सांगितली होती, म्हणून वड्या त्या बेताने केलेल्या. ऑर्व्हलने एक उचलली, तोंडात टाकली, चावली, आणि पाण्याकडे बघत म्हणाला,

"वेगळी आहे."

अर्डिसचा हात ताटावर थांबला. "कुठलं वेगळं?" तिने विचारलं. "आपलं, की डॉक्टरीणबाईचं?"

ऑर्व्हलने विचार केला. इंजिन गुणगुणत होतं. बदकं बाजूने येत होती. बेटाला अर्धा वळसा झाला, तरी तो विचारच करत होता.

"डॉक्टरीणबाईचं," तो शेवटी म्हणाला, आणि न विचारता दुसरी घेतली.